दिवसा रिकामें होणारें गांव

वाचकांपैकीं पुष्कळांचे कोणी ना कोणी आप्त डोंबिवलीस राहात असतील. लग्नमुंजीच्या निमित्तानें एखादा दिवस त्यांनीं येथें काढलाही असेल. परंतु पाहुणा येतो तो बहुधा रविवारीं, आणि रविवारची डोंबिवली ही खरी डोंबिवली नव्हे. ती पाहावयाची असेल तर साध्या मंगळवारीं सकाळीं दहाच्या सुमारास टिळकनगरांतील एखाद्या गल्लींत उभें राहावें. आमच्यासारखे पेन्शनर, दुपारच्या शाळेचीं मुलें, भाजीची हातगाडी आणि गॅलरींत वाळत घातलेले कपडे, एवढेंच काय तें दृष्टीस पडेल. कर्तीं माणसें गांवांत नसतात. तीं रात्रीं परत येतात, जेवतात, निजतात आणि उजाडण्यापूर्वीं पुन्हा निघतात.

या गांवास रेल्वेनें जन्म दिला असें म्हणतात, तें अर्धेंच खरें. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं आली, आणि पुढल्याच वर्षीं मे महिन्यांत रूळ कल्याणपर्यंत पोंचले. गांवें त्यापूर्वींचींच आहेत. आयरे, पाथर्ली, ठाकुर्ली येथील आगरी मंडळींच्या भातखाचरांवर आज आमच्या सोसायट्या उभ्या आहेत, ही गोष्ट आम्हां पांढरपेशांस सहसा आठवत नाहीं. गिरगांव-दादर येथें जागा परवडेनाशी झाली, तेव्हां पोस्टांतले, बँकेंतले, सरकारी कचेऱ्यांतले कारकून आणि आमच्यासारखे मास्तर येथें आले. २०११ च्या शिरगणतींत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची वस्ती साडेबारा लाखांच्या घरांत भरली.

संस्कृतांत ‘उप’ म्हणजे जवळ. उपनगर म्हणजे नगराजवळचें. ‘उपवास’ या शब्दाचाही मूळ अर्थ जवळ राहणें असाच आहे, उपाशी राहण्याचा अर्थ मागाहून आला. मुंबईजवळ राहणाऱ्यांस हे दोन्ही अर्थ लागू पडतात, असें आम्ही वर्गांत विनोदानें सांगत असूं. उपवास घडतो तो अन्नाचा नव्हे, वेळेचा. येथून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें ४८ किलोमीटर. फास्ट गाडीस तासाहून थोडें अधिक लागतें, स्लो गाडीस त्याहूनही बरेंच जास्त. रिक्षाची रांग, फलाटावरील खोळंबा आणि पलीकडची बस धरली, तर जाऊन-येऊन रोजचे तीन तास सहज जातात. वर्षाचे ३०० दिवस आणि नोकरीचीं ३० वर्षें धरून आमच्या विद्यार्थ्यांकडून आम्हीं हें गणित अनेकदां करून घेतलें आहे. उत्तर येतें २७,००० तास, म्हणजे अहोरात्र मोजल्यास तीन वर्षांहून अधिक काळ. एका हुषार मुलानें विचारलें होतें, “सर, त्यांतले उभ्यानें किती?” तें गणित मात्र आम्हीं घातलें नाहीं. बसावयास जागा मिळावी म्हणून कांहीं जण आधीं उलट्या दिशेनें कल्याणपर्यंत जातात व त्याच गाडीनें परततात. मुंबईस जावयाचें, म्हणून प्रथम मुंबईकडे पाठ करावयाची!

एवढा काळ माणूस जेथें घालवितो तेथेंच त्याची आळी वसते. आमच्या समोरच्या बिऱ्हाडांतील गृहस्थांस आमच्या जिन्यांतील सर्वांचीं नांवें सांगतां यावयाचीं नाहींत. परंतु त्यांच्या डब्यांतील दहा-बारा सोबत्यांच्या मुलांचे गुण, मुलींचीं स्थळें, आईवडिलांचीं दुखणीं त्यांस तोंडपाठ. तिघांच्या बांकावर चौथ्यास टेंकूं देणें हा तेथील शेजारधर्म. तेथें टाळ वाजवून भजनें होतात, दसऱ्याच्या सुमारास डब्यास तोरण बांधून पूजा होते, आणि कोणी निवृत्त झाला तर शेवटच्या दिवशीं पेढे वांटून निरोप दिला जातो. बायकांच्या डब्यांत संक्रांतीचें हळदीकुंकूही होतें. तेथें परततांना मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडणाऱ्या सुना आम्हीं ऐकल्या आहेत. आणि स्टेशनाबाहेर चिरलेली भाजी व पोळीभाजी केंद्रें यांचा खप कां वाढला, हें वेगळें सांगावयास नको. आमच्या पिढींतील कांहीं मंडळी या विकतच्या पोळ्यांस नांवें ठेवतात. त्यांनीं एक महिनाभर पहांटे उठून दोन डबे भरावे, गाडी धरावी, आणि मग बोलावें.

मागें उरलेल्या वस्तीचा भार कोणावर पडतो? म्हाताऱ्यांवर. आमच्या दारामागें खिळ्यांस सात किल्ल्या टांगलेल्या आहेत. “काका, चिनू शाळेतून आला कीं किल्ली द्या हं, आणि दूध पिऊनच खालीं सोडा,” असें जिन्यावरूनच सांगून तिसऱ्या मजल्यावरील सूनबाई धांवत सुटते. गॅसचा माणूस, पाण्याचा टँकर, कोणाच्या सासूबाईंचा चढलेला ताप, सर्व कांहीं दिवसा आमच्याकडे येतें. तक्रार नाहीं. ज्या घरांतून मुलें पुण्यास अथवा परदेशीं गेलीं, तेथील वृद्धांस या किल्ल्यांचा मोठाच आधार आहे. कोणीतरी दुपारीं आपली बेल वाजवील, एवढी खात्री राहते.

डोंबिवलीस सांस्कृतिक नगरी म्हणतात. गुढीपाडव्याची शोभायात्रा येथें १९९९ सालीं सुरू झाली, ९० वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ सालीं येथेंच भरलें, पु. भा. भावे व शं. ना. नवरे या गांवचे रहिवासी. नरकचतुर्दशीस पहांटे फडके रोडवर तरुणांची जी गर्दी लोटते ती पाहून म्हाताऱ्यासही बरें वाटतें. या सर्वांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु आठवड्याच्या मधल्या दिवशीं व्याख्यानास बसलेल्या श्रोत्यांकडे पाहावें, काळे केस विरळाच. पासधारक आला तर दहा मिनिटांत त्याची मान कलते. त्यास दोष कोण देईल?

२०२० च्या मार्च महिन्यांत महासाथीमुळें लोकल बंद झाल्या. सर्वसामान्यांस ठराविक वेळांतच कां होईना, पुन्हा प्रवासाची मुभा मिळावयास १ फेब्रुवारी २०२१ उजाडावी लागली. ते दिवस वाईट होते, त्यांची आठवण कोणी हौसेनें काढूं नये. तरीही एक गोष्ट नमूद करणें भाग आहे. त्या काळांत आमचे शेजारी प्रथमच दिवसाउजेडीं घरीं राहिले. एकानें खालीं उतरून आम्हांस विचारलें, “सर, हें झाड कसलें?” तो सोनचाफा होता. गृहस्थ अठरा वर्षें त्याच्याखालून जात होते, पण जातांना अंधार आणि येतांनाही अंधार.

मुंबईकरांच्या धैर्याची स्तुति वर्तमानपत्रांत नेहमीं येते. ती वाचून आम्हांस संताप येतो. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं दिवा-मुंब्रा यांच्यामधील वळणावर दोन भरलेल्या गाड्या शेजारून गेल्या, आणि दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले. निदान चौघे तरी प्राणांस मुकले. ठाणें-दिवा यांमधील पांचवी व सहावी मार्गिका २०२२ सालींच सुरू झाली होती. परंतु पलीकडे बदलापूर-टिटवाळ्यापर्यंत वस्ती त्याहून वेगानें वाढली आहे. त्या सकाळीं आमच्या इमारतींत प्रत्येक दारीं फोन चालू होते. चिनूच्या आईचा फोन लागावयास चाळीस मिनिटें लागलीं. ती सुखरूप कचेरींत पोंचली होती आणि कामास बसली होती. दारांत लोंबकळणें हें धैर्य नव्हे. आंत जागा नाहीं आणि उशिराचा शेरा परवडत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

संध्याकाळीं सात वाजल्यापासून फाटकाजवळच्या बांकावर आम्ही चौघे-पांच जण बसतों. हल्लीं गाडी कोठें आली आहे तें फोनवर दिसतें, पण फोनवर माणूस दिसत नाहीं. एकेक जण फाटकांतून आंत येतो, “काय काका?” एवढेंच म्हणतो आणि जिना चढूं लागतो. साडेनऊपर्यंत बहुतेकांची हजेरी लागते. उरलेल्या एक-दोघांसाठीं कोणीतरी बसून राहतो.

आतां आमची इमारत पाडून तेथें मोठी बांधावयाची आहे. नकाशांत वाहनतळ आहे, व्यायामशाळा आहे, उद्वाहनें आहेत, बांक नाहीं. सोसायटीच्या सभेंत आम्हीं लेखी सूचना दिली आहे कीं, फाटकाकडे तोंड करून एक लांब बांक असावा आणि सोनचाफा राखावा. चाफ्याविषयीं विचार करूं असें उत्तर आलें. बांकाचा विषय पुढील सभेवर गेला आहे, आणि ती सभा रविवारीं आहे.