निवासी प्रशिक्षण

बँकेत प्रशिक्षणाचे पत्र आले की दोन चेहरे पाहण्यासारखे होतात. ज्याचे नाव पत्रात आहे त्याचा, आणि ज्याला त्याचे काउंटर सांभाळायचे आहे त्याचा. दोन्ही सारखेच पडलेले असतात.

पुणे म्हणजे विद्येचे माहेरघर. बँकवाल्यांचे मात्र ते सासर. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने इथे कृषी बँकिंग महाविद्यालय काढले. पण ती साहेबलोकांची जागा. कारकुनांसाठी बँकांची आपापली केंद्रे असतात. तसे २०२४ च्या वेतनकरारापासून आम्हीही कारकून उरलो नाही, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ झालो. ते परिपत्रक घरी अजून पोचलेले नाही, एवढेच.

वरवे बुद्रुक ते स्वारगेट अंतर तीसेक किलोमीटर. गावातली माणसे सकाळी जाऊन जेवायला परत येतात. पण आमचे प्रशिक्षण तीन दिवसांचे आणि निवासी! त्यामुळे सौ.ने मी लंडनला निघाल्यासारखी पिशवी भरली : मेथीचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, मफलर, बामची बाटली. आईने हातावर दही घातले आणि ‘पोचलास की फोन कर’ म्हणाली. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर एसटी रखडली, तोवर तिचाच फोन आला, ‘पोचलास का रे?’

पहिला दिवस ओळखीपाळखीत गेला. ‘बुद्रुक म्हणजे काय हो?’ मॅडमनी विचारले. म्हटले, मूळ शब्द फारसी, बुजुर्ग. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. आमच्या शेजारी वरवे खुर्दही आहे. ‘अरे वा, म्हणजे तुम्ही थोरले!’ असे म्हणून मॅडमनी मला वर्गप्रमुख करून टाकले. चाळिशी-पन्नाशीची माणसे एकदा बाकावर बसली की पुन्हा आठवीत जातात. मागचा बाक पटकावण्यावरून दोन हेड कॅशियर जवळजवळ भांडले, आणि चहाची सुट्टी दहा मिनिटे लांबली तेव्हा सगळ्या वर्गाला परीक्षा रद्द झाल्याचा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी विषय होता निष्क्रिय खाती. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय. दहा वर्षे झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा. तरी पैसे बुडत नाहीत. खातेदाराने किंवा वारसाने कधीही यावे, ओळख पटवावी आणि घेऊन जावे.

माझ्या बाकावरचे गृहस्थ निवृत्तीला आलेले. राहायला धनकवडीत, मूळचे वेल्ह्याकडचे. हळूच म्हणाले, ‘आमच्या संसाराचंच खातं की हो हे! व्याज पडतंय, व्यवहार नाही.’ मी हसलो. तेही हसले. मग वहीवर रेघा ओढत म्हणाले, ‘धाकट्या भावाशी बोलणं नाही. बांधावरून झालं होतं. आठ वर्षं झाली.’

पडद्यावर पुढचा तक्ता आला. थोड्या वेळाने त्यांनी कोपराने ढोसले.

‘दहाला अजून दोन आहेत ना?’

‘आहेत की. आणि नंतरही मागता येतं.’

‘नंतर वारसांना मागावं लागतं हो,’ ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रे मिळाली. शाळा सुटल्यासारखे सगळे पांगले. मी स्वारगेटला वेल्ह्याच्या एसटीत चढलो, तर खिडकीशी हे गृहस्थ! मांडीवर प्रमाणपत्र, त्यावर बाकरवडीचा पुडा. कंडक्टरला म्हणाले, ‘एक वेल्हे.’ धनकवडी मागे पडली, कात्रजही गेले. ते काही बोलले नाहीत, फक्त पुडा दर दोन मिनिटांनी सरळ करत राहिले.

वरव्याला उतरताना मी विचारले, ‘कळवलंय का?’

‘छे! कळवलं तर तो शेतावर निघून जायचा. एकदम काउंटरवरच उभं राहायचं.’

पुढे काय झाले ते मला ठाऊक आहे. त्यांचा फोन आला होता. पण ग्राहकाच्या खात्याची माहिती तिसऱ्याला सांगायची नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले आहे. खाते चालू आहे, एवढे सांगायला हरकत नसावी.