झाडाची झोप

माझ्या लहानपणी कोल्हापुरात सफरचंद हे आजाऱ्याचे फळ होते. घरात सर्व धडधाकट असताना कोणी सफरचंद विकत आणल्याचे मला आठवत नाही. सी.पी.आर. रुग्णालयात ओळखीचे कोणी दाखल झाले, की वडील लक्ष्मीपुरीतून चार सफरचंदे घेत. पातळ जांभळ्या कागदात गुंडाळलेली ती फळे पेंढ्याच्या खोक्यातून निघत, तेव्हा त्यांना एक परका, थंड वास येई. मला टायफॉइड झाला त्या वर्षी माझ्या उशाशी अशी तीन सफरचंदे ठेवली होती आणि माझी भावंडे दारात उभी राहून माझ्याकडे, म्हणजे खरे तर सफरचंदांकडे, पाहत होती. आंबा, पेरू, सीताफळ यांची झाडे आम्ही अंगाखांद्याने ओळखत होतो. सफरचंदाचे झाड मात्र कोणी पाहिले नव्हते.

हे सांगण्याचे कारण असे, की गेली काही वर्षे माझ्या परसात सफरचंदाचे एक झाड उभे आहे. त्याची कथा सांगायची तर आधी दुसऱ्या एका झाडाची सांगावी लागेल. ते येथून हजारो मैलांवर, कॅनडातील विनिपेग शहरात आहे.

आमची धाकटी मुलगी परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून २०१६ साली विनिपेगला गेली. तेथील परवान्याच्या परीक्षा होईपर्यंत तिने वृद्धांच्या एका सेवागृहात मदतनीस म्हणून काम धरले. डिसेंबर उजाडला आणि तिच्या आवाजातला उत्साह ओसरू लागला. दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो, बाहेर उणे तीस अंश तापमान असते, श्वास घेतला तरी नाकात टोचते, असे ती सांगे. आम्ही सकाळी सातला फोन करीत असू, तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेसात वाजलेले असत आणि ती रात्रपाळीला निघण्याच्या तयारीत असे. नाताळच्या चार दिवस आधी ती म्हणाली, "पपा, मला झोपच लागत नाही. मी परत येऊ का?"

मी पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. मुलांना धीर कसा द्यावा हे आपल्याला कळते, असा माझा समज होता. मी तिला म्हणालो, "बाळ, सोसायला शिक. थंडीशी झगडायचे असते, पळायचे नसते. लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेच ना?" आणखीही बरेच बोललो. ती "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर माझी पत्नी एवढेच म्हणाली, "ती झोपेचं सांगत होती. तुम्ही शौर्याचं सांगत बसलात."

त्यानंतर फोन येत राहिले, परंतु मुलगी त्यांत नव्हती. सर्व ठीक आहे, जेवले, मिस्सेला जाऊन आले, एवढेच ती सांगे. मी समाधान मानले.

खरा प्रकार आम्हांला सप्टेंबर २०१७ मध्ये कळला. तिने टपालाने एक लांबलचक पत्र पाठविले. फेब्रुवारीत लागोपाठ दोन पाळ्या करून परतताना ती बसथांब्यावर चक्कर येऊन पडली होती. अशा थंडीत माणूस रस्त्यावर पडून राहिला तर काय होते, ते मला शिकविण्याची गरज नव्हती. समोरच्या घरातील एका वृद्ध बाईंनी ते खिडकीतून पाहिले, शेजाऱ्याला हाक मारून तिला आत नेले, आणि नंतर आपल्याच घरातील एक खोली तिला भाड्याने दिली. "तेव्हा कळवलं असतं तर तुम्ही काळजी केली असती," असे तिने लिहिले होते. कळविले असते तर मी पुन्हा उपदेश केला असता, हे तिने लिहिले नव्हते. ते मी वाचले.

पत्रासोबत एक छायाचित्र होते. त्या बाईंच्या मागील अंगणातील सफरचंदाचे झाड फळांनी लगडलेले होते आणि त्याच्याखाली आमची मुलगी टोपली घेऊन उभी होती. मागे तिने लिहिले होते, "पपा, हे उणे चाळीसमध्येही जगतं. जातीचं नाव गुडलँड."

शिक्षकाची खोड जात नाही. उणे चाळीसमध्ये सफरचंद जगते कसे, याचा शोध घेण्यास मी बसलो. मनाला दुसरे काही सोसवत नव्हते, म्हणूनही असेल.

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी गवताचा जो अफाट सपाट मुलूख आहे, त्याला प्रेअरी म्हणतात. तिथे वारा अडवायला डोंगर नाही, हवा उबदार ठेवायला समुद्र नाही. तेथे वस्तीला गेलेल्या लोकांनी आपल्या गावची सफरचंदे लावली आणि ती हिवाळ्यात मरत गेली. अमेरिकेतील मिनेसोटामध्ये पीटर गिडियन नावाचा असाच एक शेतकरी १८५३ साली येऊन राहिला. त्याची लावलेली झाडे वर्षामागून वर्षे मरत गेली. शेवटी हाताशी आठ डॉलर उरले, तेव्हा त्याने त्यांची बियाणे व कलमकाड्या मागविल्या आणि स्वतःसाठी दोन जुन्या जाकिटांचा कोट शिवून त्याला जुन्या विजारीच्या बाह्या लावल्या, असे सांगतात. सायबेरियातील रानटी सफरचंदाच्या वंशातील बियांपासून त्याला एक टिकाऊ झाड मिळाले. त्याला त्याने पत्नीचे नाव दिले. तिचे नाव होते वेल्दी, म्हणजे श्रीमंत!

कॅनडात हेच काम सरकारी प्रयोगशेतांनी हाती घेतले. ओटावा येथील मध्यवर्ती प्रयोगशेताची स्थापना १८८६ साली झाली. तिचे प्रमुख विल्यम साँडर्स यांनी त्याच सायबेरियन रानटी जातीचा मोठ्या फळांच्या सफरचंदांशी संकर केला. ही रानटी जात दिसायला अगदी दरिद्री आहे. फळ आपल्या बोराहून लहान आणि आंबट. परंतु प्रेअरीच्या हिवाळ्यात ती सुखरूप राहते. पहिल्या संकरातून आलेली फळेही लहानच होती, म्हणून पुन्हा संकर करावे लागले. पुढे प्रेअरीवरच प्रयोगकेंद्रे निघाली. मॅनिटोबा प्रांतातील मॉर्डन येथील केंद्राने १९५५ साली जी जात लोकांच्या हाती दिली, ती गुडलँड. आमच्या मुलीच्या टोपलीत होती ती हीच.

साँडर्स यांच्या चिरंजीवांची हकीकत याच्या जोडीला ठेवण्यासारखी आहे. चार्ल्स साँडर्स यांनी प्रेअरीसाठी मार्क्विस नावाचा गहू तयार केला. त्याचे एक पालक तिकडचा रेड फाइफ गहू होता आणि दुसरा हार्ड रेड कलकत्ता, म्हणजे आपल्या भारतातून गेलेला गहू! त्या संकराचे पीक काही दिवस आधी तयार होई आणि कडाक्याच्या थंडीच्या तडाख्यातून सुटे.

हे वाचताना मी थबकलो. कारण सफरचंदाचे रहस्यही तेच निघाले. मला वाटत होते, की ही झाडे थंडीशी झगडतात. तसे मुळीच नाही. उन्हाळा सरून हवा गार होऊ लागली, की ती वाढ थांबवतात. शेंड्याची कळी मिटून घेतात, पेशींमधील पाणी कमी करतात, साखर वाढवितात, पाने गाळतात आणि झोपी जातात. कोवळ्या हवेतील जाती उशिरापर्यंत वाढतच राहतात आणि हिवाळा त्यांना जागेपणी गाठतो. प्रेअरीत जे झाड वाचते ते वेळेवर थांबते, वेळेवर झोपते आणि मध्येच चार दिवस ऊब आली तरी फसून जागे होत नाही. झाडाच्या सुप्तावस्थेचा हा धडा मी फळ्यावर कितीदा लिहिला असेन. आणि माझी मुलगी "झोप लागत नाही" म्हणाली, तेव्हा मी तिला झगडायला सांगितले.

त्या रविवारी मी तिला फोन केला. काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले होते, पण कागद बाजूलाच राहिला. मी म्हणालो, "बाळ, माझं चुकलं. त्या दिवशी तुला ये म्हणायला हवं होतं. निदान झोप तरी म्हणायला हवं होतं." बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "पपा, आता मी दुसरी पाळी घेत नाही. रविवारी काम नाही. दुपारी झोपतेसुद्धा." आणि रडली. तिची आई माझ्या हातातून फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

आता माझ्या परसातील झाडाविषयी.

अनेक वर्षांपूर्वी मी हौसेने काश्मीरकडील सफरचंदाचे रोप आणून लावले होते. ते उन्हाने जळेल असे सर्वांचे भाकीत होते. ते जळले नाही, नुसतेच बसून राहिले. कुठे एखादे पान फुटे, कुठे डोळा मिटलेलाच राही. चौथ्या वर्षी ते वाळले. आता त्याचे कारण मला उमगले. सफरचंदाच्या बहुतेक जातींना सात अंशांखालील थंडीचे हजाराच्या आसपास तास लागतात. तेवढी थंडी भोगल्यावरच कळीला कळते, की हिवाळा होऊन गेला. आपल्या कोल्हापुरात थंडीच्या रात्रीही पारा चौदा-पंधराच्या आसपास असतो. त्या बिचाऱ्याला नीट झोपही मिळाली नाही आणि नीट जागही आली नाही. प्रेअरीत झाड थंडीने मरते, येथे थंडीवाचून मरते. दोन्हीकडे प्रश्न झोपेचाच.

त्यावरही एकाने उपाय शोधला आहे. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांच्या घराच्या आवारात टाकून दिलेल्या बियांतून सफरचंदाचे एक रोप उगवले. गाव खालच्या उबदार टेकड्यांतील, सफरचंदाच्या पट्ट्याबाहेरचे. तरीही त्या झाडाला फळे आली. त्यांनी त्याच्या काड्या आलुबुखाराच्या खुंटावर बांधून पाहिल्या आणि पुढे त्यातून एचआरएमएन-९९ ही जात झाली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने निरनिराळ्या राज्यांत तिच्या चाचण्या घेतल्या. महाराष्ट्रातील काही शेतकऱ्यांनीही ती लावली. शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. प्रयोगशाळा नाही, संकर नाही. उगवले ते उपटून न टाकता त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहणे, हेच त्यांचे पहिले संशोधन.

२०१९ च्या पावसाळ्यात मी या जातीचे एक कलम मिळवून लावले. झाड झपाट्याने वाढले, पण दोन वर्षे फुलाचे नाव नाही. बारा महिने हिरवेगार. मी कौतुकाने रोज पाणी घालीत होतो. आमच्या गल्लीत सांगोल्याकडचे एक गृहस्थ राहतात. त्यांची गावी डाळिंबाची बाग आहे. एके दिवशी कुंपणापाशी उभे राहून ते म्हणाले, "सर, लाड फार करताय. याला ताण द्या. पाणी तोडा. पानं काढा. डाळिंबाला आम्ही पानगळ केल्याबिगर बहार धरत नाही. झाडालाबी इसावा लागतो की!"

मला हसू आले. कारण जावा बेटावरील बाटू येथील शेतकरी हेच करतात, असे मी वाचले होते. तेथे हिवाळाच नाही, म्हणून ते सफरचंदाची पाने हाताने ओरबाडून काढतात आणि झाडाला हिवाळा झाल्याचे भासवितात. पुस्तकात वाचलेली गोष्ट परसात करायला मला शेजाऱ्याने सांगावे लागले!

नोव्हेंबरात पाणी तोडले. नाताळ झाल्यावर एका सकाळी मी आणि पत्नी स्टूल घेऊन उभे राहिलो आणि एकेक पान खुडले. हिरवेगार झाड उघडे करताना जीव तुटतो. आपण त्याला आजारी पाडतो आहोत असे वाटते. परंतु फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या उघड्या फांद्यांवर गुलाबी कळ्या आल्या आणि उमलताना पांढऱ्या झाल्या. साठी उलटल्यावर मी सफरचंदाचे फूल प्रथम पाहिले. त्या वर्षी फळे धरली नाहीत. २०२३ च्या जून महिन्यात, पाऊस सुरू होण्याच्या आधी, पाच सफरचंदे हाती आली. आकाराने लहान, रंग पिवळट, एका गालावर लाली. त्यांतील एक मी सांगोलेकरांना दिले, दोन आम्ही शेजारीपाजारी वाटून खाल्ले. आमच्या घरात कोणी आजारी नसताना खाल्लेली ती फळे गोड होती की आंबट, हे मला निःपक्षपणे सांगता येणार नाही.

मुलगी आता तेथे नोंदणीकृत परिचारिका आहे. त्या वृद्ध बाई २०२२ साली देवाघरी गेल्या. त्यांचे झाड नव्या मालकाने ठेवले आहे, असे ती कळविते. दरवर्षी डिसेंबर संपताना मी पाने खुडायला उभा राहतो, तेव्हा पत्नी फोन लावून स्टुलावर ठेवते. तिकडे बर्फ पडत असतो. तिचे झाड केव्हाच झोपलेले असते, आमच्या झाडाला आम्ही झोपवीत असतो. पूर्वी मी तिला काम कसे चालले आहे हे आधी विचारीत असे. आता पहिला प्रश्न ठरलेला आहे.

"झोप लागते ना, बाळ?"

"लागते, पपा," ती म्हणते. मग मी पुढचे पान खुडतो.