चढाचा हिशेब मिनिटांत

इलेक्ट्रिक माउंटन बाइक दुकानात बघताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते? स्कूटरच्या ॲव्हरेजची सवय असलेल्या माणसाला हा प्रश्न सुचणं साहजिक आहे, पण डोंगरात चालवायच्या सायकलीला तो लागू पडत नाही. हँडलवरच्या डिस्प्लेवर ‘अजून ६० किलोमीटर’ असं दिसतं, तेव्हा तो नुकत्याच कापलेल्या अंतरावरून बांधलेला अंदाज असतो. पुण्याहून खडकवासल्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर तो आकडा ऐटीत टिकून राहतो आणि सिंहगडाच्या घाटाची पहिली वळणं लागताच धडाधड खाली येतो. बॅटरीत काहीही बिघडलेलं नसतं. मोजमापच चुकीचं धरलेलं असतं. माझ्या मते डोंगरातली रेंज दोनच गोष्टींत मोजावी : किती मीटर उंची चढायची आहे, आणि त्या चढावर आपले पाय किती मिनिटं काम करणार आहेत. यातली दुसरी गोष्ट बहुतेकांच्या हिशेबात नसते आणि खरी बचत तिथेच आहे.

सिंहगडाचाच घाट घेऊ. पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण ९ किलोमीटर डांबरी रस्ता आणि सुमारे ६०० मीटर चढाई. चालवणारा ८० किलोचा, सायकल २४ किलोची, पाणी-हत्यारं धरून पाठीवरची पिशवी ६ किलोची. म्हणजे एकूण ११० किलो वजन ६०० मीटर वर न्यायचं आहे. एवढ्यालाच १८० वॉट-तास ऊर्जा लागते. जाड खाचांच्या टायरांचं रस्त्याशी होणारं घर्षण आणि इतर किरकोळ खर्च धरले तर २२० पकडू. हा आकडा कुठल्याही मोडमध्ये जवळपास तेवढाच राहतो, कारण डोंगराची उंची मोडप्रमाणे बदलत नाही. प्रश्न उरतो तो यातला किती भाग पायांनी भरायचा आणि किती बॅटरीने, एवढाच.

आता मोडकडे बघू. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स या डोंगरी सायकलींवरच्या प्रसिद्ध मोटरमध्ये इको मोड पायांच्या ताकदीच्या ६० टक्के भर घालतो, टर्बो ३४० टक्के. चालवणारा दोन्ही वेळा सारखेच १०० वॉट देतो असं धरू. एवढी ताकद रोज थोडीफार सायकल चालवणाऱ्या निरोगी माणसाला तासभर टिकवता येते. इकोत पायांचे १०० आणि मोटरचे ६० मिळून १६० वॉट होतात, आणि घाट चढायला सुमारे ८२ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पाय १३७ वॉट-तास देतात, मोटर ८३. टर्बोत एकूण ४४० वॉट मिळतात, घाट अर्ध्या तासात संपतो. पण त्या अर्ध्या तासात पायांना देता येतात जेमतेम ५० वॉट-तास, उरलेले १७० मोटरला द्यावे लागतात. मोटर आणि तिची यंत्रणा मिळून ८० टक्के कार्यक्षम धरली तर बॅटरीतून इकोत १०३ जातात आणि टर्बोत २१३. वेगाबरोबर वाढणारा हवेचा विरोध यात धरलेलाही नाही. तो धरला तर टर्बोचा आकडा आणखी चढेल.

या आकडेमोडीतली एक गोष्ट पुन्हा पाहण्यासारखी आहे. टर्बोवाल्याने कामचुकारपणा केलेला नाही. त्याने इकोवाल्याएवढाच जोर लावला, फक्त कमी वेळ लावला. पाय हा ठरावीक धारेने वाहणारा झरा आहे. १०० वॉटच्या धारेने तो मिनिटाला पावणेदोन वॉट-तासांच्या आसपास देतो, त्याहून जास्त नाही. चढावर घालवलेलं प्रत्येक जादा मिनिट म्हणजे बॅटरीतून न काढावे लागलेले तेवढे वॉट-तास. म्हणून ‘इको मोड बॅटरी वाचवतो’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. इको वेळ वाढवतो, आणि बॅटरी वाचवतो तो हा वाढलेला वेळ.

हे मान्य केलं की पुढचा धडा गिअरचा. सावकाश चढणं म्हणजे जड गिअरमध्ये रखडत चढणं नव्हे. इकोत हा घाट ताशी साधारण साडेसहा किलोमीटरने चढला जातो. पुढे ३४ दातांची चकती, मागे कॅसेटची सर्वांत मोठी ५१ दातांची चकती आणि २९ इंची चाकं असतील, तर या वेगाला पाय मिनिटाला सुमारे ७१ फेरे मारतात. पाऊल गोल फिरतं, गुडघ्यावर ताण नसतो, मोटरचा आवाज एकसुरी राहतो. त्याच वेगाला मागे निम्म्या दातांची चकती लावली तर फेरे ३६ वर येतात. काम तेवढंच, पण प्रत्येक फेऱ्याला जोर दुप्पट. मोटर क्रँकलाच जोडलेली असल्यामुळे तिलाही दुप्पट जोर लावावा लागतो, त्यासाठी दुप्पट करंट ओढावा लागतो, आणि तारांच्या वेटोळ्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. ती सगळी ऊर्जा हवेत जाते. म्हणून गिअर चढ लागायच्या आधी हलका करावा, आणि बदलताना क्षणभर पाय सैल सोडावा. मोटरचा पूर्ण जोर असताना गिअर टाकला की चेन कडाडकन उडी मारते. तो आवाज ऐकला की चकतीचे दात झिजताना दिसतात मला.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : घामच गाळायचा तर एवढे पैसे मोटरला का घातले? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही हिशेबातच मिळतं. समजा, पायवाटेवर सुट्या दगडांचा १५ टक्के चढ आला, २०० मीटर लांबीचा. तिथे साध्या सायकलीवर पाय टेकावाच लागतो. पण तो सगळा टप्पा मिळून उंची भरते ३० मीटर, आणि तेवढ्याला लागतात अवघे ९ वॉट-तास. तिथे खुशाल टर्बो लावावा. मोटर घेतली ती याचसाठी. बॅटरी अशा भिंतीसारख्या चढांवर संपत नाही. ती संपते लांबलचक, मध्यम, सोप्या वाटणाऱ्या चढावर, जिथे टर्बो गरज नसताना चालू राहून जातो.

दुसरा आक्षेप मोठ्या बॅटरीचा. ५०० ऐवजी ७५० वॉट-तासांची घेतली की प्रश्न मिटला, असं म्हणणाऱ्यांना ‘वजन वाढेल’ असं उत्तर दिलं जातं, ते मला पटत नाही. वजन वाढतं दीड किलोच्या आसपास, आणि १००० मीटर चढायला त्यापोटी जेमतेम ४ वॉट-तास जादा लागतात. मोठ्या बॅटरीने रेंज खरोखर वाढते. मात्र मिळालेल्या २५० मध्ये टर्बोची जेमतेम एक खेप होते. सवय तीच राहिली तर एवढे पैसे मोजून हाती येतो तो तेवढाच एक घाट.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. पायवाटेवर टायरात हवा कमी ठेवल्याने पकड येते. डांबरावर तोच टायर चिकटल्यासारखा वाटतो, तेव्हा लहान पंप जवळ असावा. साखळी कोरडी, धुळीने माखलेली नको. ताशी २५ किलोमीटरच्या वर मोटर मदत थांबवते, त्यामुळे सपाटीवर २६-२७ ने जाता येत असेल तर तेवढं अंतर बॅटरी मोकळी. उतारावर बॅटरी भरत का नाही, असं विचारलं जातं : क्रँकवर मोटर असलेल्या सायकलीत मागचं चाक मोटरला उलटं फिरवू शकत नाही, त्यामुळे कमावलेली उंची ब्रेकच्या पॅडमध्ये उष्णता होऊन जाते. चढताना वाचवलं तेवढंच वाचतं.

उन्हाचं मात्र आपल्याकडे जपायला हवं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली किंवा घाट चढून आल्या आल्या गरम असतानाच चार्जिंगला लावलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. पावसाळ्यात सायकल महिनोन्महिने उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास, ३० ते ६० टक्के भरून कोरड्या, थंड जागी ठेवावी. एवढं करूनही वय होतंच. काही वर्षांनी ५०० ची बॅटरी ४०० ची उरते. तीच बॅटरी टर्बोत सिंहगड एकदा चढवते आणि दुसऱ्या खेपेला वाहनतळ किलोमीटरभर राहिला असताना संपते. इकोत तिच्यावर तीन खेपा होतात, आणि घरी परतायला ९० वॉट-तास शिल्लक राहतात.