निरोपाचे भाषण

आमच्या नातवाच्या शाळेत यंदा दहावीचा निरोपसमारंभ झाला. त्याच्या आठ दिवस आधी स्वारी माझ्या खोलीत आली आणि नेहमीपेक्षा जरा अधिकच नम्रपणे म्हणाली, "आजोबा, मला विनोदी भाषण करायचंय. सगळ्या सरांवर. लिहून देता का?"

पेन्शनरला कोणी काही लिहून मागितले, तर तो सहसा नाही म्हणत नाही. मी म्हटले. का, ते वाचकांना सांगायला हरकत नाही.

मी शालान्त परीक्षेला बसलो १९६८ साली. तेव्हा ती अकरावीला असे. मॅट्रिकची जागा एस. एस. सी.ने १९४९ सालीच घेतली होती. पण घरी, दारी आणि न्हाव्याच्या दुकानात आम्ही 'मॅट्रिकची पोरे'च होतो. या पदाचे काही मानपान असत. पहाटे चारला पांघरूण ओढले जाणे हा त्यांतला पहिला. त्यामुळे ११ डिसेंबर १९६७ च्या सोमवारी, पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी पुस्तक उघडून बसलो होतो. समोरची ओळ हलू लागली. मला वाटले, डुलकी लागली. वडिलांनी दंडाला धरून अंगणात ओढले, तेव्हा कळले की या वेळी दोष माझा नव्हता.

आमचे गाव कऱ्हाडकडचे. त्या दिवशी शाळेत भूमितीची चाचणी होती, आणि ती रद्द व्हावी म्हणून आमच्यातल्या एकाने शनिवारीच मारुतीला नारळ बोलला होता. चाचणी रद्द झाली. मग कोयनानगरच्या बातम्या आल्या. शेदीडशेहून अधिक माणसे गेल्याचे कळले, तेव्हा तो पोरगा तीन दिवस कोणाशी बोलला नाही. नारळ फोडावा की फोडू नये? अखेर त्याने हा प्रश्न भूमितीच्याच मास्तरांना विचारला. मास्तरांनी तो दोनदा ऐकून घेतला आणि म्हणाले, "घेऊन ये. वर्गात वाटून खाऊ. मारुतीशी मी बोलतो."

दोनदा ऐकून घेतला, याचे कारण मास्तरांना फार कमी ऐकू येई. एक प्रमेय झाले की ते खडू खाली ठेवीत, कानामागे हाताचा पंजा धरीत आणि विचारीत, "आले लक्षात?" मग आमच्या ओठांकडे पाहत. आम्ही 'हो सर' म्हणत असू; पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. पन्नास पोरे मुक्याने हो म्हणत आहेत आणि मास्तर समाधानाने पुढच्या प्रमेयाकडे वळत आहेत, असा तो देखावा असे. तो आम्हांला वर्षभर पुरला.

निरोपसमारंभ फेब्रुवारीत झाला. भूकंपाने सभागृहाच्या भिंतीला तडा गेला होता, म्हणून मैदानात लिंबाखाली टेबल मांडले. विद्यार्थ्यांतर्फे दोन भाषणे ठरली होती. पहिले एका हुशार मुलाचे. त्यात गुरुजनांचे ऋण, शाळामाउली आणि गहिवर हे सगळे यथासांग होते. दुसरे माझे, विनोदी. संस्कृतच्या शास्त्रीबुवांची पगडी, ड्रिलमास्तरांची शिट्टी, हेडमास्तरांची डुलकी या सगळ्यांना मी हात घातला आणि हशा मिळाला. हशा ही वाईट चीज आहे. एक मिळाला की पुढचा मोठा हवासा वाटतो. शेवटची काही मिनिटे मी भूमितीच्या मास्तरांना दिली. कानावर पंजा धरला. तोंडाने नुसते ओठ हलवून दाखवले. सरांचा एक कान जन्मापासून बंद आहे आणि दुसरा पगाराच्या दिवशी उघडतो, असेही म्हणालो. पोरे अक्षरशः लोळली.

मान्यवर मागे खुर्च्यांवर होते, माझी पाठ त्यांच्याकडे. वळून पाहिले, तर सर्वांत जास्त हसत होते ते मास्तरच. सगळे हसताहेत म्हणून तेही हसत होते. माझा पंजा त्यांना दिसला नसला, तरी वर गेलेले कोपर दिसले असेल, हे मला तेव्हा सुचले नाही.

चिवडा-पेढे चालू असताना ते माझ्याजवळ आले. "तुझं भाषण चांगलं झालं म्हणतात. मला इथं वाऱ्यात काही कळलं नाही. कागद दे, घरी वाचतो."

पेढा घशातच राहिला. "सर, अक्षर फार वाईट आहे. उद्या नीट लिहून देतो."

रात्री बसून नीट लिहिले. शास्त्रीबुवा, ड्रिलमास्तर, हेडमास्तर सगळे तसेच ठेवले. कान गाळले. मास्तरांवर एकच निरुपद्रवी वाक्य राहू दिले: 'भूमितीचे सर एका तासात पाचशे वेळा "आले लक्षात?" असे विचारतात.'

परीक्षेची प्रवेशपत्रे घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी कागद परत केला. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका तांबड्या शाईने दुरुस्त केलेल्या. आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, टाकाने आखून:

'पक्ष: तास ३५ मिनिटांचा. एकदा विचारणे व उत्तराची वाट पाहणे यांस किमान ६ सेकंद.
साध्य: पाचशे वेळा विचारणे अशक्य.
सिद्धता: ३५ मिनिटे म्हणजे २१०० सेकंद. ५०० वेळांस ३००० सेकंद लागतील. म्हणून गृहीत असत्य. जास्तीत जास्त ३५० वेळा शक्य. परंतु तसे केल्यास शिकविण्यास वेळ उरत नाही.'

मी मोठ्याने हसलो. सुटलो, असे वाटले. मग खाली आणखी तीन ओळी दिसल्या.

'प्रत्यक्ष भाषणास लागलेला वेळ १४ मिनिटे. हशा व टाळ्यांचे वजा २. हा कागद सावकाश वाचण्यास ७ मिनिटे. बाकी ५ मिनिटे. ताळा जमत नाही. पुन्हा पाहावे.'

मी मान वर केली, तेव्हा ते दुसऱ्या मुलाच्या प्रवेशपत्रावरचे नाव तपासत होते. मी बोललो असतो, तर ओठ वाचायला त्यांनी माझ्याकडे पाहिले असते. मी बोललो नाही. भूमितीत मला किती गुण पडले, ते इथे सांगण्याची गरज नाही.

नातवाला भाषण दिले नाही. ट्रंकेतून तो कागद काढून वाचायला दिला. त्याने दोन्ही बाजू नीट वाचल्या. सिद्धता त्याला फार आवडली. मग खालच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाला, "आजोबा, ही पाच मिनिटं कसली?"

"चिवडा खायला थांबलो होतो," मी म्हटले.