खडा आणि एकच सुई

आजारालासुद्धा घराणं लागतं. ब्लडप्रेशर झालं म्हटलं की माणसाला बढती मिळाल्यासारखी वाटते. हृदयविकाराचा तर थाटच निराळा. पण मूतखडा! या दुखण्याचं बारसं करताना मराठी भाषेने पेशंटच्या अब्रूचा काडीइतकाही विचार केलेला नाही. मी ऑफिसात ‘किडनी स्टोन’ असं सांगितलं. इंग्रजीत कळा कमी होत नाहीत. रजा मात्र लवकर मिळते.

खडा नऊ मिलिमीटरचा. तांदळात सापडला असता तर बायकोने चिमटीत धरून भिरकावला असता. पण हा मूत्रपिंडातून निघून खाली येणाऱ्या नळीत ठाण मांडून बसला होता. मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आत्याने कुळथाचं कढण पाजलं. समोरच्या काकूंनी पानफुटीची पानं धाडली. वरच्या मजल्यावरच्या नानांनी कानात बिअर सुचवली आणि सोबतीला यायचीही तयारी दाखवली. खडा ढिम्म.

शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘‘दुर्बीण घालू, लेसरने फोडू. कापाकापी नाही.’’ आधी लघवी कल्चरला गेली. जंतू निघाले नाहीत. ‘‘आता ऑपरेशनच्या आधी तासाभरात अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन. बस्स!’’

‘बस्स’ म्हटल्याबरोबर घरात खळबळ उडाली.

‘‘एकच?’’ आत्या म्हणाली. ‘‘अरे, नीट विचारलंस ना?’’

मेहुण्याला तर हा अपमानच वाटला. सर्दीच्या दोन शिंका आल्या की हा तीन दिवस गोळ्या घेतो आणि उरलेल्या पुढच्या सर्दीसाठी कपाटात जपून ठेवतो. ‘‘भावोजी, एवढं बिल भरणार, तर दहा दिवसांचा कोर्स तरी लिहून घ्या!’’

डॉक्टर सज्जन. त्यांनी समजावून सांगितलं. लघवी स्वच्छ दिसली तरी खड्याच्या पोटात जंतू दडलेले असू शकतात. खडा फुटला की ते बाहेर पडतात. दुर्बिणीतून पाणी सोडलेलं असतं, त्याच्या दाबाने ते रक्तात शिरले तर जिवावर बेततं. म्हणून जंतू सुटायच्या आधी औषध रक्तात हजर हवं. पाठीतून भोक पाडून मोठा खडा काढतात तेव्हाही तसंच. उलट बाहेरून लहरींचे तडाखे देऊन खडा फोडायचा, म्हणजे 1980 साली म्युनिकला पहिल्यांदा माणसावर केला तो प्रकार, आणि लघवी स्वच्छ असेल, तर बहुधा तेवढ्याही सुईची गरज नसते.

‘‘आणि कल्चरमध्ये जंतू निघाले असते तर?’’ मी विचारलं.

‘‘तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग खड्याचा.’’

‘‘पण पाच दिवस जास्त दिलं तर बिघडतं काय?’’ मेहुणा हटेना.

‘‘वरातीला पोलीस बोलावले, वरात निर्विघ्न पार पडली. आता त्यांना दहा दिवस घरी जेवायला ठेवाल? तेवढ्यात गल्लीतले चोर त्यांना ओळखायला लागतील!’’

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनेही 1945 च्या नोबेल व्याख्यानात हाच इशारा दिला होता : औषध अपुरं घेतलंत, तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. मेहुण्याच्या कपाटाची त्याला तेव्हाच कुणकुण लागली असावी.

तरीही मेहुणा गप्प बसला तो डॉक्टरांमुळे नव्हे. शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. खडा माझ्यापेक्षा लहान, पण ताप उतरत नव्हता. त्यांच्या मुलाने कल्चरचा रिपोर्ट मेहुण्यापुढे धरला. ‘‘साहेब, हे ‘आर’ म्हणजे काय हो?’’ कागदावर औषधांची लांबलचक यादी, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे ‘आर’. म्हणजे ते औषध या जंतूंवर चालत नाही. मेहुण्याने यादी वरून खाली वाचली. त्यात त्याच्या कपाटातली दोन नावं होती. खाली एका महागड्या इंजेक्शनापुढे तेवढा ‘एस’ होता. त्या एका अक्षराच्या आधाराने आजोबा नऊ दिवसांनी उठून बसले.

सतराव्या शतकात लंडनच्या सॅम्युएल पेप्सने 1658 साली भूल नसताना, अँटिबायोटिक नसताना खडा काढून घेतला. जगला, आणि खड्यासाठी खास पेटी करवली. त्याच्याजवळ नशीब होतं. आपल्याजवळ औषधं आहेत, ती नशिबासारखी उधळायची नाहीत, एवढंच.

मेहुण्याला परवा सर्दी झाली. त्याने वाफ घेतली.