तोरणमाळच्या घाटात तापलेली जीप

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या माथ्यावर, सुमारे ११५० मीटर उंचीवर तोरणमाळ आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे ५०-५५ किलोमीटरचा रस्ता. गेल्या मे महिन्यात वस्तीतील मुलांना यशवंत तलाव आणि सीताखाई दाखवावी म्हणून आम्ही भाड्याची जीप करून निघालो. निघताना सहलीचा कापडी फलक आम्ही मोठ्या हौसेने गाडीच्या तोंडावर बांधला.

सपाटीवर गाडी बरी चालली. सात पायऱ्यांचा घाट लागला आणि ती दमू लागली. एका वळणावर काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटखालून वाफ निघाली. चालक धडगावकडचा पावरा समाजातील तरुण. त्याने इंजिन बंद केले, चाकांना दगड लावले. ऊन मी म्हणत होते, लहान मुले रडवेली झाली. “खटारा गाडी दिली,” “याने पाणीच पाहिले नसेल,” अशी कुजबुज सुरू झाली. आम्हीही मनात भाडे कापण्याचा हिशेब मांडला आणि रुमाल घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला सरसावलो.

“साहेब, मागे व्हा!” तो ओरडला. त्याचे म्हणणे खरे होते. एवढ्या उंचीवर उघडे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाच्या दाबामुळे रेडिएटरमधले पाणी त्याहून अधिक तापूनही उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो आणि उकळते पाणी तोंडावर उसळते.

अर्धा तास त्याने कोणालाही बॉनेटजवळ येऊ दिले नाही. मग जाड फडक्याने झाकण थोडे सैल करून वाफ जाऊ दिली. आयाबायांनी पिण्याच्या पाण्याचे डबे पुढे केले. इंजिन चालू करून त्याने ते पाणी हळूहळू ओतले आणि एकेक गोष्ट तपासत गेला. पाइप कुठे गळतो का? नाही. इंजिन पुन्हा बंद करून पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला. ताण ठीक होता. वरचा पाइप गरम, खालचा कोमट. म्हणजे पाणी फिरत होते, थर्मोस्टॅट अडकलेला नव्हता. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत नव्हते, ऑइलही दुधाळ झालेले नव्हते. म्हणजे हेड गॅस्केटही शाबूत असावे.

“पाणी आहे, फिरतेही आहे. मग हवा कुठे अडली?” असे म्हणत तो गाडीच्या पुढे आला आणि थबकला. आमचा फलक जाळीवर घट्ट बसला होता. सपाटीवर इंजिनावर ताण कमी असल्याने कसेबसे निभावले. चढावर ताण वाढला, वेग मंदावला आणि पंख्याला ओढायला हवाच उरली नाही. त्याने फलक सोडला, नीट घडी करून आमच्या हाती दिला. बोलला काहीच नाही.

त्याच्याकडे पाहायची आम्हाला लाज वाटली. पुढे काटा मधेच राहिला आणि दुपारी मुलांनी यशवंत तलाव पाहिला. तिथे सर्वांसमोर आम्ही त्याची क्षमा मागितली. तो हसला, “चहा पाजा, साहेब.”

आपल्या घरांतील कितीतरी मुले जीप, टेम्पो, रिक्षा चालवतात. गाडी बिघडली की पहिला आरोप त्यांच्यावरच येतो. बंधू-भगिनींनो, आरोप करण्यापूर्वी त्या तरुणासारखे क्रमाने तपासावे. परतताना फलक आम्ही गाडीच्या मागे बांधला.