पाचवीची रात्र, बाराव्याचं नाव

बारामतीजवळच्या कन्हेरीचा मारुती बाहेरच्यांना ठाऊक आहे तो निवडणुकीमुळे. पवारांच्या घरचा प्रचाराचा नारळ तिथं फुटतो आणि मग चार दिवस गावात गाड्यांचा धुरळा. पण गावचा मारुती म्हटला की त्याच्यापाशी मतांपलीकडचीही कामं असतात. सव्वा महिन्यानं बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडली, की बाळाला आधी त्याच्या पायावर घालायचं. तिथवर बाळ धड पोचणं, हीच एके काळी घरादाराची काळजी होती.

त्या काळजीची सगळी मांडणी पाचवीच्या पाटावर दिसते. पाटा-वरवंटा धुऊन मांडलेला, हळदीकुंकवाची बोटं, लिंबू, कोरा कागद आणि पेन. रात्री सटवाई येणार, कपाळावर लिहून जाणार. दिवा विझता कामा नये, कुणीतरी जागं राहायचं. शेजारी विळा. पूर्वी बहुतेक वेळा नाळ कापलेलाच. आता नवं ब्लेड ठेवतात.

या विळ्यापाशी मी नेहमी अडखळतो. जुन्या बाळंतपणात नाळ अशाच पात्यानं कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं. दोन-तीन दिवस बाळ छान प्यायचं, मग एकाएकी जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं. नवजाताचा धनुर्वात बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात गाठतो, म्हणजे पाचवी ते बारसं हाच त्याचा हंगाम. ज्या पात्यानं घात केला, त्यालाच कुंकू लागत होतं. बायकांना दिवस बरोबर कळला होता, चोर तेवढा कळला नव्हता.

म्हणून नाव उशिरा. दहा दिवस सोयर, बाराव्याला पाळणा. ज्या घरात आधीची लेकरं दगावली, तिथं नावही दगडू, धोंडू ठेवायचं, सटवाईची नजर पडू नये म्हणून. मुलीचं मात्र उलटं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात 2011 साली 'नकोशी' नावाच्या दोनशेहून जास्त मुलींचं समारंभानं पुन्हा नामकरण करावं लागलं. नको म्हणून हाक मारलेल्या पोरीला दूध आणि दवाखाना किती मिळत असेल, हे वेगळं सांगायला नको.

पाचवीच्या जागरणाला मी भाबडेपणा म्हणणार नाही. रात्रभर कुणी बाळाशी बसलं, की ते गार पडलं, ओढेनासं झालं, हे कळतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायकांना नेमकं हेच बघायला शिकवलं, वर श्वास मोजणं आणि औषध देणंही शिकवलं. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे निष्कर्ष आले: नवजातांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले होते. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ती पद्धत तिथूनच देशभर गेली. गरोदरपणातली लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांनी धनुर्वात मागे हटला. 2015 मध्ये माता व नवजात धनुर्वाताचं देशात निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं.

आता बारशाचं. कुंची घातलेला वरवंटा या हातातून त्या हातात पाळण्याच्या वरून-खालून जातो, आत्या कानात कुर्रर्र करते, तिच्या पाठीत धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात. यात बाळाला काही धोका नाही. धोका नंतर येतो. सोन्याची अंगठी मधात बुडवून बोट तोंडात जातं (वर्षाच्या आत मध नकोच, त्यातल्या जंतूनं लुळेपणा येऊ शकतो), मग काजळ, शेगडीवर ओव्याची धुरी, आणि हॉलमधले दीडशे पाहुणे, प्रत्येकाला गालाचा पापा हवाच. डीजेची हौस तर वेगळीच.

परवा एका बारशात बाळाची आजी, म्हणजे काकू, आणि आशाताई यांचं बोलणं ऐकलं.

"अगं पोरी, बारसं झालं की सुटलं बाळ."

"कुठलं सुटलं काकू? परवा चौदावा दिवस. वजन करायला येतेय. अन् तोवर पाहुण्यांना म्हणावं, आधी हात धुवा, मग बाळ घ्या."

"आता काय पाहुण्यांचे हात तपासू?"

"पाचवीला पाटा घासून घेतलाच की नाही? तसंच."

काकूंनी तिच्यासमोर घुगऱ्यांची वाटी ठेवली आणि सुनेला मोरीजवळ साबण ठेवायला सांगितलं.